लाल क्रूसाची गाडी

आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नव्या ड्रायव्हरचा फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. नाव, गाव, लायसन नंबर आणि सगळ्यात खाली एक रकाना: अपघात झाल्यास कोणाला कळवावे. बहुतेक जण बायकोचं नाव सांगायचे, काही जण बापाचं. एका बहाद्दराने तर दोन बायकांची दोन नावं लिहायला लावली होती, तीही एकीला दुसरीचं कळू नये या अटीवर. शमुवेल वळवीने मात्र फॉर्म स्वतःच्या हाताने भरला, वळणदार अक्षरात, आणि मी तो न वाचताच फाईलला लावला. वर्षभराने विम्याच्या कामासाठी फाईल काढली तेव्हा पाहतो तर काय, त्या रकान्यात माझंच नाव. 'श्री. बैसाणे, बुकिंग क्लार्क. नाते: ओळख.'

मी तडक बाहेर गेलो. हा गाडीच्या सावलीत बसून टोमॅटो चिरत होता.

"काय रे वळवी, उद्या तू कुठे घाटात गेलास तर मी काय करायचं? माझा तुझा संबंध काय?"

"काही करू नका बैसाणेभाऊ," तो म्हणाला. "फक्त कोणाला तरी कळलं पाहिजे ना."

मी कपाळाला हात लावला आणि आत आलो. ते नाव मी खोडलं नाही.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. धुळ्याला आग्रा रोडवर आमचं ऑफिस. पत्र्याची शेड, दोन टेबलं, एक काळा फोन आणि बाहेर उभ्या सात गाड्या. शमुवेल नवापूरकडच्या एका पाड्यातला. आईबाप लहानपणीच गेलेले, मिशनच्या बोर्डिंगात वाढला. तिथल्या पाळकांची, म्हणजे पाद्र्यांची, पुस्तकी मराठी त्याच्या तोंडात जी बसली ती बसली. बाकीचे ड्रायव्हर अहिराणीत एकमेकांच्या खानदानाची विचारपूस करत असताना हा खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "कृपा करून आपली गाडी थोडी मागे घेता का?" समोरचा इतका गोंधळायचा की खरंच मागे घ्यायचा. आमचा जुना ड्रायव्हर सुकाआप्पा तर पहिल्याच दिवशी मला विचारून गेला, "हाऊ डायवर शे का शाळाना मास्तर?"

तो कोणालाही भेटला की 'सलाम' म्हणायचा, ख्रिस्ती लोकांत तशीच रीत. शेठला सलाम, हमालांना सलाम, चहावाल्याला सलाम. त्यामुळे त्याचं नाव सलामभाऊ पडलं. शिवी नाही, दारू नाही, विडी नाही. केबिनमध्ये खुंटीवर एक पांढरा सदरा टांगलेला असे. रविवारी सकाळी नऊ वाजता तो जिथे असेल तिथे गाडी बाजूला लावायचा, सदरा घालायचा आणि जवळपास चर्च असलं तर चर्चमध्ये, नाहीतर झाडाखाली बसून तासभर गाणी म्हणायचा. मागे केळीचे घड पिकत चाललेले आणि हा गाणी म्हणतोय! शेठने दोनदा कामावरून काढलं आणि दोनदा परत घेतलं, कारण दुसरा कोणी फैजपूर-दिल्ली गाडी इतक्या वेळेवर पोचवत नव्हता. जोडीला दुसरा ड्रायव्हर काही टिकायचा नाही. म्हणायचे, याच्यासंगे तीन दिवस बसायचं म्हणजे मौन धरायचं. खेप कशी झाली असं विचारलं की त्याचं एकच ठरलेलं उत्तर: "रस्ता होता, गेलो."

आता त्या क्रूसाचं सांगतो. ती चूक आमच्याच ऑफिसात होऊ शकते, दुसरीकडे नाही. दसऱ्याला सगळ्या गाड्यांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा आणि नवा रंग. कोणी गाडीवर देवी काढून घेतली, कोणी वाघ. शमुवेल अदबीने म्हणाला, "माझ्या गाडीवर एक छोटा क्रूस काढला तर चालेल का?" शेठ म्हणाला, काढ बाबा. पेंटरकडे शेवटी उरला होता तो लाल रंग. नुसता लाल उठून दिसेना म्हणून त्याने आधी पांढराशुभ्र गोल काढला आणि त्यात चारी बाजूंनी सारखा, जाडजूड लाल क्रूस. आम्ही सगळे म्हणालो, वा! मी तर बौद्ध माणूस, मला वाटलं यांचा क्रूस असाच असतो. शमुवेलला वाटलं, पेंटरला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आठवडाभर कोणाच्या टाळक्यात आलं नाही की आपण केळीच्या गाडीवर दवाखान्याची खूण काढून ठेवली आहे.

आलं ते रस्त्यावरच्या लोकांच्या. पळासनेरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी, डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं हायवेला येऊन उभी राहायची. लाल क्रूस पाहिला की हात करायची. कोणाला ताप, कोणाचं पोर भाजलेलं, कोणाच्या पायात लोखंड घुसलेलं. पहिल्यांदा एक म्हातारी आडवी आली तेव्हा याने सांगितलं, माझ्याकडे औषध नाही, केळी आहेत. तिचा विश्वासच बसेना. शेवटी केळी घेऊन गेली.

परत आल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "तो क्रूस खोटा झाला हो."

"मग पुसून टाक."

"पुसणं सोपं आहे. खरा करता येतो का ते बघतो."

आणि खरा करायला म्हणून तो गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात गेला. तिथे नर्स होती सिस्टर राहेल. उंच, सावळी, चष्म्याला दोरी, वय अडतीसच्या आसपास, लग्न न केलेली. डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर आवाज खाली करायचे म्हणे. याने गोळ्या मागितल्या तेव्हा ती म्हणाली, "गोळ्या म्हणजे काय फुटाणे आहेत वाटायला? आधी शिका." चार शनिवार तिने याला शिकवलं. जखम कशी धुवायची, पट्टी किती घट्ट, कोणती गोळी पोराला द्यायची नाही. मग एक पत्र्याची पेटी दिली, आणि एक वही. प्रत्येक माणसाची नोंद करायची, परत आलं की वही दाखवायची. याने लिहिलं, 'पळासनेर, म्हातारा, डाव्या पायाला जखम, पट्टी बांधली.' तिने खाली लाल शाईने विचारलं, 'किती खोल? पू? वास?' याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला गाडी थांबवून, त्या म्हाताऱ्याचा पाडा शोधून, त्याच्या पायाचा वास घेऊन आला.

मला वाटतं प्रेम तिथेच झालं. पण त्याला ते कळायला दहा महिने लागले. एक दिवस कान लाल करून वही माझ्यापुढे धरली. जखमांच्या नोंदींखाली त्याच लाल शाईत लिहिलं होतं, 'आपण स्वतः वेळेवर जेवता का?'

"याचं उत्तर काय लिहू?"

"लिही, पू नाही, वास नाही," मी म्हणालो.

तो हसला. एवढ्या वर्षांत त्याला मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं. उत्तर लिहायला त्याला तीन खेपा लागल्या, आणि काय लिहिलं ते मी पाहिलं, कारण पान त्यानेच दाखवलं. इतर नोंदींसारखीच नोंद: 'धुळे. पुरुष, वय बेचाळीस. एकटा. उपचार सुचवावा.' खाली तिची शाई: 'रुग्णास समक्ष घेऊन यावे.'

तर असं हे लग्न ठरलं. अडलं ते चर्चमध्ये. पाळकसाहेब भला माणूस, पण नियमाचा पक्का. नवरा मुलगा कोणत्या मंडळीचा, म्हणजे कोणत्या चर्चचा, तिथल्या पाळकाचं पत्र हवं. शमुवेलने सांगितलं, आग्र्याला मागच्या बाकावर बसतो, इंदूरला खांबाशेजारी, ग्वाल्हेरला दारापाशी. पाळकसाहेब म्हणाले, त्यातल्या कोणाला तुमचं नाव माहीत आहे? याने विचार केला. बाहेर गाडी उभी म्हणून शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून जायची सवय. नाव कोण विचारणार? बोर्डिंगच्या गावात चौकशी केली तर तिथल्या यादीतून नाव केव्हाच गळालेलं. वीस गावांच्या चर्चमध्ये बसणारा माणूस, आणि हा आमचा आहे असं लिहून द्यायला एकही जण नाही. हे मला सांगताना तो तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता.

पाळकसाहेबांनी तोड काढली. सहा महिने धुळ्याच्या मंडळीत दर रविवारी बसा, लोकांना कळू द्या. मग तीन रविवार ओळीने तुमची दोघांची नावं वाचू. त्यांच्याकडची ती रीत मला तेव्हा कळली. पाळक नावं वाचतात, पुरुषांच्या बाजूला तो उभा राहतो, बायकांच्या बाजूला ती, आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का? तीन रविवार दोघांनीही हजर पाहिजे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मी शेठशी भांडून त्याला दिल्ली लाईनवरून काढलं आणि धरणगावच्या कापसाच्या गाठींवर टाकलं. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. घर म्हणजे काय, देवपूरला एक खोली घेतली त्याने. बादली घेतली, दोन कप घेतले, खिडकीला पडदा लावला. ड्रायव्हर लोक चिडवायचे, "सलामभाऊ, गाडीले बी पडदा लाव!" तो लाजायचा. सहा महिन्यांत चर्चच्या लोकांना नाव कळलं. गाणी म्हणतो म्हणून पुढे बसवायला लागले.

पहिला रविवार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मी येणार असं कबूल केलं होतं.

आणि त्याआधीच्या शुक्रवारी सुकाआप्पाला कावीळ झाली. फैजपूरला घड कापून पडलेले, इंदूरचा व्यापारी फोनवर फोन करतोय, शेठ डोक्यावर बसलेला. दुसरा ड्रायव्हर नाही. मीच देवपूरला गेलो. म्हणालो, "फक्त इंदूर. शनिवारी सकाळी खाली कर, संध्याकाळपर्यंत धुळ्यात. रविवारी नऊला तू चर्चमध्ये नसलास तर माझं नाव बैसाणे नाही." तो सदरा इस्त्रीला टाकून गेला.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये. दाराकडे बघून बघून मान दुखली. पाळकसाहेबांनी नावं वाचली. बायकांच्या बाजूला राहेलबाई उभी राहिली, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. पुरुषांच्या बाजूला कोणी उठलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. कोणीतरी खोकलं. मला वाटलं आपणच उठावं आणि सांगावं, चूक माझी आहे. पण मी कोण? उठलो नाही, आणि त्याची आजही लाज वाटते. ती मात्र तशीच उभी, पुढे बघत. शेवटी पाळकसाहेब हळू म्हणाले, "बस, बाई." तेव्हा बसली.

शमुवेल दुपारी चारला आला, अंगातल्या शर्टावर रक्ताचे डाग. शनिवारी परतीच्या वाटेवर घाटाखाली माणसांनी रस्ता अडवला होता. एक बाई दोन दिवस अडलेली. जवळच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, म्हणून गाडी उलटी फिरवून चाळीस मैलांवरच्या मोठ्या दवाखान्यात नेली. बाई वाचली, पोरही वाचलं.

"तिथे सोडून निघाला असतास तर आला असतास की रे नऊपर्यंत," मी जवळजवळ ओरडलोच.

"आलो असतो," तो म्हणाला. "पण तिच्या नवऱ्याने माझा हात धरला होता. सोडेना. त्याचं तिथे दुसरं कोणी नव्हतं, बैसाणेभाऊ."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, राहेलबाईची माफी मागायला. ती व्हरांड्यात पट्ट्यांच्या घड्या घालत होती.

"तुमचा काय दोष, भाऊ? तुम्ही गाडी पाठवली, गाडी परत आली."

"पाळकसाहेब म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून वाचू."

"नको."

"बाई, दोन जीव वाचले हो."

"माहीत आहे मला. वहीत लिहिलंय त्यांनी. नोंद एकदम बरोबर आहे, कुठे बोट ठेवायला जागा नाही." तिने चष्मा काढला. "म्हणूनच तर अडलंय. दारू पिऊन पडला असता तर चार शिव्या हासडल्या असत्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहिले असते. आता रागावू कुणावर? त्या बाळंतिणीवर? वीस वर्षं मी दुसऱ्यांना आधी आत घेते आहे, भाऊ. एका माणसापुढे तरी आपला नंबर पहिला लागावा, एवढंच वाटलं होतं. त्यांचं चुकलं नाही. पण पुन्हा तसं एकटं उभं राहणं मला नाही जमायचं."

शमुवेलला निरोप दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्या बरोबर बोलतात." आठवड्याने देवपूरची खोली सोडली आणि माझ्याकडे दिल्ली लाईन मागितली.

मग तीन-चार वर्षं तशीच गेली. क्रूस होता, लोक हात करत होते, हा थांबत होता. वही तो दवाखान्याच्या खिडकीत कंपाउंडरकडे ठेवायचा आणि दोन दिवसांनी घेऊन यायचा. लाल शाई असायची, गोळ्यांबद्दल, पट्ट्यांबद्दल. आमच्या बाकड्यावर बसून तो एकेक पान उलटायचा, शेवटपर्यंत, आणि वही मिटून पेटीत ठेवायचा. मी फाईलीत डोकं घालून बसायचो. बघवत नसे मला. चर्चमध्येही तो पुन्हा मागच्या बाकावर गेला, असं ऐकलं.

एक दिवस राहेलबाईच ऑफिसात आली. तिची बदली झाली होती, वऱ्हाडात, अमरावतीच्या पलीकडच्या एका दवाखान्यात. एक लोखंडी खाट, दोन ट्रंका, शिलाई मशीन, एवढं सामान पाठवायचं होतं. मी मालाची पावती म्हणजे बिल्टी फाडली आणि मुद्दाम दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव लिहायला लागलो. दारात शमुवेल उभा होता.

"मी नेतो," तो म्हणाला.

मी बाईकडे पाहिलं. ती सामानाची यादी घडी करत होती. "मग मीही गाडीतच येते," ती म्हणाली. "बसचं तिकीट काढलेलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी निघाली. डाव्या बाजूच्या सीटवर त्याने धुतलेली चादर अंथरली होती. ड्रायव्हर, हमाल सगळे बाहेर येऊन उभे राहिले, पण कोणी चिडवलं नाही. सुकाआप्पाने बाईसाठी पाण्याचा तांब्या भरून वर दिला.

चौथ्या दिवशी, सकाळच्या अकराच्या सुमाराला तो परत आला. ती माझी त्याची शेवटची भेट. कारण त्याच महिन्यात शेठने गाड्या विकल्या, ऑफिस बंद केलं, आणि ड्रायव्हर ज्याला जिथे काम मिळालं तिथे पांगले. हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्याने सही झालेली बिल्टी टेबलावर ठेवली. मी नेहमीसारखं विचारलं, कसा झाला प्रवास? उत्तर ठरलेलंच असायचं. पण तो समोरची खुर्ची ओढून बसला. माझ्यासमोर तो कधी बसत नसे.

"पारोळ्याच्या पुढे एकाने हात केला," तो म्हणाला. "मी थांबलो नाही. एरंडोलला एक म्हातारा होता. नाही थांबलो. मलकापूरपर्यंत चार जण झाले. मी ठरवलंच होतं, आज कोणासाठी थांबायचं नाही. एक दिवस तरी."

"आणि बाई?"

"बाहेर बघत होत्या. पाचव्या वेळी एक शेतमजूर बाई होती, कडेवर पोर. पोराच्या पायाला विळा लागलेला, रक्त वाहत होतं. मी गाडी पुढे काढली. तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, शमुवेल, थांबवा."

बाहेर हमाल गाठी उतरवत होते.

"थांबवली. दोघं खाली उतरलो. त्या रस्त्यातच मांडी घालून बसल्या, पोराला मांडीवर घेतलं. मी तांब्यातून पाणी ओतत होतो, त्या जखम धूत होत्या. ती मजूर बाई आमच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, तुम्ही दोघं नवराबायको का?"

"मग?"

"त्या पट्टीला गाठ मारत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, हो."

मी पेन खाली ठेवलं.

"अरे, आणि तू? तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, बैसाणेभाऊ?" शमुवेल म्हणाला. "मी पाणी ओतत होतो."